अण्णांचा फोन आणि बिजागरीवरून काढलेलं दार

जुलैतली गोष्ट. शनिवारी सकाळी साडेसातला पळस्प्याहून अण्णांचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा, फोन आला. त्यांच्या नंबरवरून नाही, शेजाऱ्यांच्या.

"अरे, माझा फोन मला आत घेत नाहीये."

झालं होतं असं. आदल्या रात्री कुठल्याशा ग्रुपवर मेसेज आला की पिन म्हणून जन्मतारीख ठेवू नका, चोर पहिल्यांदा तीच टाकून बघतात. अण्णा आज्ञाधारक माणूस. त्यांनी लगेच सहा आकडी नवा पिन टाकला, कुणालाही सुचणार नाही असा. सकाळी उठले तर तो त्यांनाही सुचेना! अंगठ्यानं फोन उघडत होता, पण मध्येच पिन बदलून ठेवावा म्हणून सेटिंगमध्ये गेले तर तिथं आधी जुना पिन विचारतात. मग त्यांनी मला फोन केला. आणि मी अर्धवट झोपेत, आमच्या धंद्याचं जे एकमेव ब्रह्मवाक्य आहे ते बोलून गेलो.

"अण्णा, एकदा बंद करून चालू करा."

दोन मिनिटांनी पुन्हा फोन. "केला. आता तर अंगठाही घेईना."

मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. कारण आपण काय केलं ते तेव्हा कळलं. फोन बंद करून चालू केला की पहिल्यांदा पिनच लागतो. अंगठा चालत नाही, चेहरा चालत नाही. तो पिन एकदा बरोबर पडला की मगच अंगठ्याला मान. म्हणजे अंगठ्यानं उघडत होता तेव्हा मी नुसतं "थांबा, मी येतो" म्हटलं असतं तर तासाभरात केबल लावून आतलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं असतं. उघडी असलेली शेवटची खिडकी मीच लावायला सांगितली. (यासाठी मला चार वर्षं इंजिनिअरिंगला घातलं होतं.)

आतलं सगळं म्हणजे काय, तर काकूच्या व्हॉइस नोट्स. काकूला जाऊन दोन वर्षं झाली. तिला टायपिंगचा कंटाळा, म्हणून ती सगळं बोलूनच पाठवायची. "येताना कोथिंबीर आणा, मागच्या वेळची पिवळी होती." "दार नुसतं ओढून घ्या, कडी लावू नका, मी मागून येतेय." असलं. अण्णा रात्री झोपताना त्यातल्या दोन-तीन ऐकतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. बॅकअप नव्हता. तो लावून देण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते दर वेळी "पुढच्या खेपेला बघू" म्हणून पुढे ढकललं होतं.

तर दुपारी पळस्पे फाट्यावर उतरलो. मुंबईहून गोव्याला किंवा जुन्या रस्त्यानं पुण्याला गेलेल्या प्रत्येक माणसानं हा फाटा पाहिलाय. एक रस्ता खोपोलीकडे, एक पेणकडे, आणि मधोमध कंटेनर, वडापाव आणि धूळ. तिथं मोबाईल दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. पोरगा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. त्यानं फोन उलटापालटा केला, बिल आणि खोका आहे का विचारलं (हे मला आवडलं) आणि म्हणाला, "उघडून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. पण आतलं काही राहणार नाही. तुम्हाला फोन पाहिजे का आतलं पाहिजे?"

अण्णा म्हणाले, "आतलं."

"मग नाही होणार काका."

मला हे वाक्य तेव्हापासून सोडत नाहीये. कुलूप उघडणं आणि आतलं मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, असं आपल्या आजोबा-पणजोबांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं. कुलूप उघडलं की आतलं मिळणारच, त्यासाठीच तर कुलूप उघडायचं! ही फारकत कधी झाली? घरी येऊन वाचत बसलो, आणि गंमत म्हणजे सुरुवात पळस्प्यातच सापडली.

१० आणि ११ मे १८७९. पळस्पे आणि चिखली इथे दरोडे पडले. दरोडेखोर घाटावरून उतरलेले रामोशी, त्यांचा म्होरक्या दौलतराव नाईक, आणि या सगळ्या उठावामागचा माणूस वासुदेव बळवंत फडके. फडके मूळचे शिरढोणचे. शिरढोण म्हणजे पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की काही मिनिटांवर, कर्नाळ्याच्या अलीकडे. जन्म ४ नोव्हेंबर १८४५. शाळेच्या पुस्तकात यांचं नाव 'आद्य क्रांतिकारक' म्हणून एका ओळीत येऊन जातं आणि पुढच्या ओळीत चापेकर येतात, त्यामुळे आपल्याला ते नीट माहीत नसतात. हा माणूस पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होता. आजच्या भाषेत बॅक ऑफिस! आई आजारी असताना रजा मिळाली नाही आणि भेट व्हायच्या आत ती गेली, ही सल त्यांना शेवटपर्यंत होती. नंतर १८७६-७७चा दुष्काळ, गावंच्या गावं उपाशी. सावकार आणि सरकार यांच्याकडून पैसा काढून फौज उभी करायची असं त्यांनी ठरवलं.

त्या काळच्या घरातली 'सिक्युरिटी' काय होती? दिंडी दरवाजाला आतून अडसर, खोलीला कडी-कोयंडा, पेटाऱ्याला कुलूप, आणि फारच जपायचं ते चुलीपाशी किंवा गोठ्यात हंड्यात घालून पुरलेलं. किल्ली मालकाच्या करगोट्याला नाहीतर घरच्या बाईच्या कमरेला. पण खरं कुलूप हे नव्हतंच. खरं कुलूप म्हणजे गावचा रखवालदार, आणि घाटावरच्या कित्येक गावांत तो रामोशीच असायचा. गावात चोरी झाली तर रामोश्यानं माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला तर जबाबदारी त्या गावच्या रामोश्यावर. माल सापडलाच नाही तर भरपाईचा बोजाही त्याच्यावर यायचा. बदल्यात त्याला गावाकडून हक्काचं धान्य, कुठे थोडी जमीन. पुरंदरासारख्या किल्ल्याच्या राखणीलाही हेच लोक. १८१८ला पेशवाई गेली, इंग्रजांनी आपली पोलीस व्यवस्था बसवली आणि हे जुने हक्क गेले. उमाजी नाईक याच पुरंदरच्या परिसरातला, त्याला १८३२ला पुण्यात फाशी दिलं. म्हणजे ज्यांच्याकडे कित्येक पिढ्या राखण होती त्यांनाच बाहेर काढून नवं कुलूप लावलं. मग ते आले दार फोडायला. आपल्याकडे कंपनीतून काढलेल्या माणसाचा अॅक्सेस त्याच संध्याकाळी बंद करतात ते उगाच नाही. (तुलना फार ताणू नये हे मान्य. उपाशी माणसाचा राग आणि नोटीस पीरियडवरच्या माणसाचा राग यात फरक आहे.)

पळस्पेच का? पनवेल तेव्हा बंदर होतं, व्यापारी गाव. खंडाळ्याचा बोरघाट १८३० साली गाडीरस्त्यानं खुला झाला तेव्हापासून पुण्याहून उतरणारा माल याच वाटेनं पनवेलला यायचा. रेल्वे कर्जतकडून गेल्यावर थोडी रया गेली, पण या बाजूला पैसा होता. लूट मोठी झाली. पण दौलतराव परत घाट चढत असताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं गाठलं आणि तो मारला गेला. फडक्यांचं बळ तिथंच मोडलं.

दरोड्यात कुलूप कसं उघडायचे? दोन रस्ते. एक, कुऱ्हाड. दोन, मालक. 'किल्ली कुठाय सांग' असं हातात पलिता घेऊन विचारलं की माणसाला विसरलेलं सगळं आठवतं. आमच्या क्षेत्रात यावर जुना विनोद आहे की जगातलं सर्वात भारी एन्क्रिप्शन पाच डॉलरच्या पान्यानं फुटतं, पान्यानं एन्क्रिप्शन फोडायचं नसतं, ज्याला पासवर्ड माहीत आहे त्याला फोडायचं असतं. १८७९च्या पळस्प्यात हा विनोद नव्हता.

इथे एक आणखी जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण फाट्यावरच्या पोराचा प्रश्न तिथं अगदी उलटा होऊन येतो. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यात सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले. तिथून हे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. बऱ्याच ठिकाणी लोकांना पैसे नको होते, त्यांना कागद हवे होते. कर्जरोखे, खती, गहाणखतं. ती बाहेर काढायची आणि जाळायची. ज्या सावकारानं कागद मुकाट्यानं दिले त्याला अनेकदा हातही लावला नाही. म्हणजे 'आतलं पाहिजे' पण ठेवायला नाही, पुसायला! फॅक्टरी रिसेट हाच ज्यांचा हेतू होता अशी ही मंडळी. त्याचा परिणाम म्हणून सरकारनं चौकशी आयोग बसवला आणि १८७९ला, पुन्हा तेच साल, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. एकच प्रत असलेला कागद जळला की कर्जाचा पुरावा गेला. डेटाची किंमत आमच्या मॅनेजरच्या आधी सुप्याच्या शेतकऱ्यांना कळली होती.

असो. फडक्यांकडे येऊ. २० जुलै १८७९च्या रात्री ते विजापूरकडच्या देवर नावडगी गावात झोपेत असताना पकडले गेले. आणि इथे त्यांचा 'फोन' सरकारच्या हाती लागला. फडके रोजनिशी लिहायचे, आत्मचरित्रही लिहिलं होतं. कुणाला भेटलो, काय ठरवलं, काय वाटलं, सगळं कागदावर. त्याला ना पिन ना पॅटर्न. पोलिसांनी ते वाचलं आणि पुण्याच्या खटल्यात त्यांच्याच अक्षरातली पानं त्यांच्याविरुद्ध पुरावा झाली. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांचं वकीलपत्र घेऊन उभे राहिले, तेही त्या वातावरणात, जेव्हा पुण्यात भलेभले त्यांचं नाव घ्यायला घाबरत होते. शिक्षा झाली जन्मठेप, काळ्या पाण्याची. अंदमानला नाही, एडनला पाठवलं. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्याच कारभारात होतं, म्हणजे कागदोपत्री हा माणूस आपल्याच इलाख्यातल्या तुरुंगात होता. मध्ये अख्खा अरबी समुद्र.

आणि तिथं त्यांनी ते केलं ज्यासाठी मी हे सगळं सांगतोय. कोठडीच्या दाराला कुलूप होतं. फडक्यांनी कुलपाला हातच लावला नाही. त्यांनी दार बिजागऱ्यांवरून उचकटलं आणि बाहेर पडले! लवकरच पुन्हा पकडले गेले, पुढे त्यांनी अन्नत्याग केला आणि १७ फेब्रुवारी १८८३ला एडनलाच त्यांचा शेवट झाला. वय सदतीस.

ते दार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कुलूप फोडायचं नाही, किल्ली शोधायची नाही, ज्याच्यावर कुलूप लटकलंय ती वस्तूच बाजूला करायची. जगातला प्रत्येक चांगला हॅकर हेच करतो. आणि रायगडच्या हिरकणीची आख्यायिका तरी काय आहे? संध्याकाळी दरवाजे बंद झाले, पहारेकरी नियमाचे पक्के, घरी तान्हं बाळ. तिला दरवाजा उघडता आला नाही, ती कडा उतरून गेली. गोष्टीत पुढे महाराज तिला साडीचोळी देतात आणि त्या कड्यावर बुरूज बांधतात. आम्ही याला 'बग रिपोर्ट केल्याबद्दल बक्षीस आणि चोवीस तासांत पॅच' म्हणतो.

या सगळ्या काळात, लक्षात घ्या, कुलूप आणि माल वेगळे होते. कुलूप हे मालाच्या वाटेत उभं असायचं. वाट बदलली की संपलं. म्हणून कुलपं बनवणाऱ्यांची सगळी अक्कल वाट कठीण करण्यात गेली. इंग्लंडात १८१८ला जेरेमाया चब नावाच्या माणसानं एक कुलूप काढलं. चुकीच्या किल्लीनं किंवा तारेनं चाळवाचाळव केली की आतला एक खटका अडकून बसायचा, मग खरी किल्लीही सरळ चालायची नाही, आधी ते कुलूप पूर्ववत करावं लागायचं. म्हणजे मालकालाही कळायचं की कुणीतरी हात लावलाय. आपला '३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करा' आहे ना, त्याचा हा खापरपणजोबा. लोकांना वाटलं हे उघडणं अशक्य. मग १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेतून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला आणि त्यानं चबचं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवलं. मग ब्रामाचं कुलूप, जे दुकानाच्या खिडकीत 'उघडेल त्याला २०० गिनी' अशा पाटीसह साठेक वर्षं बसून होतं, तेही उघडलं. त्याला एक्कावन्न तास लागले, सोळा दिवसांत मिळून. इंग्लंडात हाहाकार झाला म्हणे, आमच्या बँका सुरक्षित आहेत की नाहीत!

आपल्याकडे १८९७ला लालबागेत आर्देशिर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला. मूळचे वकील, वकिलीत खोटं बोलावं लागतं म्हणून सोडली, मग शस्त्रक्रियेची उपकरणं करून पाहिली, ती चालली नाहीत, मग कुलपं. १९०२पासून तिजोऱ्या. १४ एप्रिल १९४४ला मुंबई गोदीत स्फोट झाले तेव्हा त्या आगीतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांमधला माल शाबूत राहिल्याच्या गोष्टी आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ. पण त्या तिजोरीचीही किल्ली हरवली तर कारागीर यायचा, ओळख पटवायची, पंच बसवायचे आणि ती फोडायची. बँकेच्या लॉकरचं आजही तेच. किल्ली हरवली की अर्ज, ओळखपत्र, मग तुमच्यासमोर लॉकर फोडतात, खर्च तुमचा, पण आतल्या पाटल्या तुमच्या तुम्हाला मिळतात. कुठेतरी एक माणूस असतो जो म्हणतो, हो, हे देशपांडेच आहेत, मी ओळखतो यांना, उघडा.

कॉम्प्युटरच्या सुरुवातीलाही असंच होतं. पासवर्ड पहिल्यांदा वापरात आला तो साधारण १९६१च्या आसपास अमेरिकेत, एमआयटीत. फर्नांडो कोर्बातो यांची टीम, एक यंत्र, अनेक जण वाटून वापरणार, म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द. (हा शब्द मला फार आवडतो. चौकीवरचा पहारेकरी, अंधार, 'कोण आहे?' हे सगळं त्यात आहे. 'संकेतशब्द' म्हटलं की नुसता सरकारी फॉर्म दिसतो.) सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलमध्ये सरळ लिहिलेले. १९६२ला अॅलन शेर नावाच्या संशोधकाला मशीनचा वेळ कमी पडायला लागला, तर त्यानं ती फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं! पण या ढिसाळपणाची दुसरी बाजू अशी की पासवर्ड विसरलात तर ऑपरेटर तो वाचून तुम्हाला सांगू शकत होता.

हे बदललं १९७९ला. पळस्प्याच्या दरोड्याला शंभर वर्षं झाली त्या वर्षी बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या पासवर्डवर एक निबंध छापला. त्यातली मूळ कल्पना अशी की यंत्रानं पासवर्ड जपून ठेवायचाच नाही. तो दळून त्याचं पीठ करायचं आणि फक्त पीठ ठेवायचं. तुम्ही पुन्हा पासवर्ड टाकलात की तोही दळायचा आणि दोन पिठं जुळतात का बघायचं. पिठावरून गहू परत करता येत नाही. चोरानं फाइल पळवली तरी त्याच्या हाती पीठ. आणि दोघांनी एकच पासवर्ड ठेवला तरी पीठ सारखं दिसू नये म्हणून प्रत्येकात चिमूटभर वेगळं 'मीठ' घालायचं. हा शब्द माझा नाही, आमच्यात खरंच मीठच म्हणतात. कॉलेजात हे शिकताना मी टाळ्या वाजवल्या असत्या इतकं ते सुंदर आहे. तेव्हा हे लक्षात आलं नाही की या दिवसापासून 'मला माझा पासवर्ड सांगा' या विनंतीला कुणाकडेच उत्तर उरलं नाही. ऑपरेटर आता फार तर नवा देऊ शकतो.

तरी तोवर माल वेगळाच होता. नवा पासवर्ड मिळाला की फाइली जिथल्या तिथं. जुन्या अँड्रॉइड फोनांवर पॅटर्न विसरलात तर गूगल खात्यानं लॉगिन करून आत जाता यायचं, आठवत असेल. शेवटचा खिळा पडला तो २०१४-१५च्या सुमारास. अॅपलनं २०१४ला सांगितलं की नव्या सिस्टिममधला डेटा पासकोडच्या आधारे बंद होतो, आम्हालाही तो काढून देता येणार नाही. अँड्रॉइडनं २०१५पासून नव्या दमदार फोनांना एन्क्रिप्शन सक्तीचं केलं. यात होतं असं की तुमचा पिन आणि चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक गुप्त आकडा, दोन्ही मिळून किल्ली तयार होते. ती किल्ली फोनमध्ये कुठेही ठेवलेली नसते. पिन टाकाल तेव्हा ती क्षणात घडते आणि त्याशिवाय आतलं सगळं म्हणजे नुसता आकड्यांचा भुसा. चिप काढून दुसऱ्या फोनला लावली तरी भुसाच. आता इथे दार बिजागरीवरून काढून काय उपयोग? दार नाहीच. मालाचंच कुलूप झालंय.

२०१६ला अमेरिकेत हे जगासमोर आलं. सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन, चार आकडी पासकोड, एफबीआय कोर्टात गेली, अॅपल नाही म्हणालं. शेवटी मार्चमध्ये एफबीआयनं खटला मागे घेतला, कारण बाहेरच्या कुणीतरी तो उघडून दिला होता. त्या फोनात एक बिजागरी सापडली म्हणायची. अशा बिजागऱ्या कधीकधी सापडतात, लाखो डॉलरना विकल्या जातात, आणि पुढच्या अपडेटला बुजवल्या जातात. पळस्पे फाट्यावर मिळत नाहीत.

राहता राहिला अंगठा. पनवेलहून गोव्याकडे जाताना डावीकडे कर्नाळ्याचा सुळका दिसतो, तो थेट वर केलेल्या अंगठ्यासारखा. आपल्याकडे ज्याला सही येत नाही तो 'अंगठेबहाद्दर'. त्याही आधी शेतकरी कागदावर नांगराचं चित्र काढायचा, 'निशाणी नांगर'. १८५८ला बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्यानं एका कंत्राटावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला आणि पुढे १८९७ला कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. आता आपण सगळेच दिवसातून शंभरदा अंगठा उठवतो आणि त्याला प्रगती म्हणतो! कायद्यात मात्र अंगठा आणि पिन यांच्यात फरक आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येणार नाही, असं घटनेच्या २० (३) कलमात आहे. १९६१ला 'मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी सांगितलं की बोटांचे ठसे देणं ही अशी साक्ष नव्हे. ठसा अंगावर असतो, पिन डोक्यात. फोनचा पिन सांगायची सक्ती करता येते का यावर आपल्याकडच्या न्यायालयांनी वेगवेगळे सूर लावलेत. फडक्यांची रोजनिशी आज फोनात असती तर त्यांच्या वकिलांना निदान एक मुद्दा तरी मिळाला असता, हा विचार मनात येऊन गेला.

एक गोष्ट वाचकांसाठी, कारण ती मला त्या सकाळी आठवली नाही. पिन विसरला आणि अंगठा चालतोय, तर फोन बंद करू नका. काहीच करू नका. चार्जिंगला लावा आणि लगेच आतलं बाहेर काढा, कारण तसंही बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ७२ तासांनी एकदा पिन मागतातच. आयफोनवाल्यांना २०२३च्या आयओएस १७पासून थोडी सूट आहे, पासकोड बदलल्यावर ७२ तास जुना पासकोड वापरून नवा ठेवता येतो. अण्णांकडे आयफोन असता तर ही पोस्ट झाली नसती. काही कंपन्यांच्या फोनना लांबून उघडायची सोय असते, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते. आमच्या फोनला नव्हती.

पुढे काय झालं? त्या दिवशी फोन रिसेट केला नाही. अण्णा म्हणाले, राहू दे. त्यांना मी नवा फोन घेऊन दिला, बॅकअप त्याच दुकानात उभं राहून लावला. मग घरातल्या ग्रुपवर विचारलं, काकूच्या व्हॉइस नोट्स कुणाकुणाकडे आहेत. तिनं ज्याला पाठवल्या त्याच्या फोनात त्या असणारच. नाशिकच्या ताईकडे निघाल्या, आत्याकडे निघाल्या, माझ्याकडे तीन होत्या, त्यातली एक नुसती "जेवलास का?" एवढीच. सगळ्या मिळून एक्केचाळीस जमल्या. अण्णांना दिल्या. त्यांनी ऐकल्या. म्हणाले, "छान आहेत. पण ह्या तुम्हाला पाठवलेल्या."

जुना फोन त्यांनी कपाटात ठेवलाय. कपाटाला कुलूप, किल्ली करगोट्याला. रोज सकाळी चहा झाला की बाहेर काढतात, चार्जिंगला लावतात आणि एक आकडा टाकून बघतात. चुका वाढतील तशी थांबायची वेळ वाढत जाते, ती आता एका दिवसावर येऊन ठेपलीय. सहा आकडी पिनची दहा लाख जुळण्या, दिवसाला एक म्हणजे २७०० वर्षांहून जास्त. शेवटचा आकडा ७ होता एवढं त्यांना नक्की आठवतं, म्हणजे एक लाख जुळण्या, २७३ वर्षं. अण्णा ७४ वर्षांचे आहेत. मी हे गणित त्यांना सांगितलं नाही.

टाकून झालेले आकडे ते एका शंभर पानी वहीत लिहून ठेवतात, तारखेसकट, म्हणजे तोच परत टाकला जाऊ नये. परवा गेलो होतो तेव्हा वही टेबलावर उघडीच होती. काही आकड्यांपुढे कंसात बारीक अक्षरात कारण लिहिलंय. 'लग्नाची तिथी', 'दादरच्या खोलीचा नंबर', 'बसचा नंबर, बहुतेक'.